क्रम लावणाऱ्याचा नियम

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह एवढेच बहुधा आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु माणसाच्या नित्याच्या जीवनावर ज्यांचा खोल परिणाम झाला अशा कितीतरी गोष्टी दफ्तरांच्या, याद्यांच्या आणि मोजमापांच्या आहेत. यादीत कोणाचे नाव पहिले आणि कोणाचे शेवटचे, हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी वाटतो; पण ज्याची भाकरी त्या यादीवर अवलंबून आहे त्याला विचारावे, म्हणजे पहिल्या आणि अकराव्या जागेत अंतर किती असते ते कळते. आज आम्ही अशाच एका यादीचा इतिहास सांगणार आहोत. शोधयंत्रात आपण दोन शब्द लिहितो आणि क्षणार्धात असंख्य संकेतस्थळांची यादी समोर येते. ती कोणत्या नियमाने लागते, तो नियम का बदलत गेला, आणि बदलला तेव्हा कोणाचे काय झाले, हा आजचा विषय होय.

हा विषय पोंभुर्ण्याला कशासाठी, असे कोणी विचारील. मूल आणि गोंडपिपरी यांच्यामधला धानाचा व जंगलाचा हा तालुका. येथे शोधयंत्राच्या नियमांशी कोणाचे काय अडले आहे? आमचे म्हणणे असे की, अडले असेल तर ते येथेच अधिक अडले आहे. मोठ्या शहरातल्या माणसाला चार दुकाने, चार कचेऱ्या आणि चार जाणती माणसे पायी चालत गाठता येतात. आडबाजूच्या तालुक्याला शिष्यवृत्तीचा अर्ज हवा असो, पीकविम्याची मुदत हवी असो, की बुरडाच्या हातच्या बांबूकामाला गिऱ्हाईक हवे असो, बाहेरच्या जगाची वाट आता पुष्कळदा मोबाईलच्या पडद्यावरील त्या यादीतूनच जाते. ती यादीही आपण पुरती वाचत नाही. युरोपीय आयोगाने २०१७ साली आपल्या निर्णयात नमूद केले की, संगणकावर शोध घेणारे लोक जे निकाल उघडतात त्यांपैकी सुमारे ९५ टक्के पहिल्या पानावरच्या दहा निकालांतले असतात, आणि दुसऱ्या पानावरच्या पहिल्या निकालाच्या वाट्याला अवघा १ टक्का येतो. दहावा आणि अकरावा यांच्यामध्ये एका अंकाचे अंतर आहे. पण एक बाजारपेठेत बसला आहे आणि दुसरा गावकुसाबाहेर.

मोजण्याचा नियम बदलला की माणसांचे दैव बदलते, हा अनुभव ह्या भूमीला नवा नाही. चांद्याच्या गोंड राजांविषयी परंपरा असे सांगते की, रानात जो कोणी तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याने भिजणारी जमीन मिळे. अशा देणगीला तुकूम म्हणत. नियम साधा होता, सर्वांना ठाऊक होता, आणि त्याचे फळ म्हणून तलाव झाले. पुढे इंग्रजी अंमल आला. मेजर ल्यूसी स्मिथ यांनी चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल १८६९ साली सादर केला. त्या काळच्या जमाबंदीने, सरकारात वसूल भरण्याची जबाबदारी घेणारा मालगुजार गावाचा मालक ठरला. मोजण्याचे माप पाण्यावरून वसुलावर गेले. स्वराज्यात १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली आणि १९५१ साली तलाव सरकारकडे आले. मालगुजारी गेली हे योग्यच झाले. परंतु तलावाचा गाळ कोणी काढावयाचा आणि पाळ कोणी राखावयाची, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. आज आपण ज्यांना मामा तलाव म्हणतो ते हेच माजी मालगुजारी तलाव. त्यांतील पुष्कळ गाळाने भरले, याला नियम बदलणाऱ्याचा दुष्टावा कारण झाला नाही. त्या बदलाखाली कोण येणार याचा हिशोब कोणी मांडला नाही, हे कारण झाले.

ह्या अनुभवातून तीन प्रश्न आपल्या हाती येतात. नियम कोण करतो? तो ज्यांना लागू होतो त्यांना तो कळतो का? आणि तो बदलल्यामुळे ज्याचे नुकसान झाले त्याला दाद मागता येते का? ह्या तीन प्रश्नांच्या प्रकाशात आपण शोधयंत्रांचा इतिहास पाहू.

इंटरनेटवरील पानांची पहिली नावाजलेली यादी माणसांनी हाताने केली. १९९४ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणारे जेरी यांग आणि डेव्हिड फायलो यांनी आपल्याला आवडलेल्या पानांची विषयवार नोंद ठेवण्यास आरंभ केला. तिचेच पुढे याहू झाले. ग्रंथपालाने पुस्तक हाती घ्यावे, चाळावे आणि योग्य त्या कपाटात ठेवावे, तशी ही पद्धत होती. तिच्यात नियम करणारा माणूस समोर होता. परंतु पानांची संख्या इतक्या वेगाने वाढली की, ग्रंथपालांची पलटण उभी केली तरी ती पुरी पडली नसती.

तेव्हा यंत्राकडे काम गेले. १९९५ च्या डिसेंबरात अल्टाव्हिस्टा नावाचे शोधयंत्र लोकांपुढे आले. त्याने पानांतील शब्द न् शब्द नोंदून ठेवले. अशा यंत्रांचा क्रम मुख्यतः शब्दांवर लागे, आणि त्यामागे एक जुने शास्त्र होते. जेराल्ड सॉल्टन यांनी मजकुराचे गणित मांडले होते, आणि कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली दाखवून दिले होते की, जो शब्द थोड्याच लेखांत येतो त्याला अधिक वजन द्यावे. ‘पोंभुर्णा येथील माहिती’ असे कोणी शोधले तर ‘माहिती’ हा शब्द लाखो पानांवर सापडेल, ‘पोंभुर्णा’ थोड्यांवर. म्हणून क्रम लावताना ‘पोंभुर्णा’ ह्या शब्दाला अधिक मान. युक्ती उत्तम होती. पण शब्दांवर क्रम लागतो हे कळताच लोकांनी शब्दच पेरावयास सुरुवात केली. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवावा, वाचकाला तो दिसू नये आणि यंत्राला मात्र दिसावा, अशी लबाडी सर्रास झाली.

येथे ह्या इतिहासाचे एक सूत्र प्रथमच दिसते, आणि पुढे ते पुन्हा पुन्हा दिसणार आहे. यंत्राला गुणवत्ता दिसत नाही. गुणवत्तेची एखादी खूण दिसते. खूण कोणती हे कळले की, गुणवत्ता कमावण्यापेक्षा खूण कमावणे स्वस्त पडते. मग खोट्या खुणांचे पीक येते, आणि नियम करणाऱ्याला नवी खूण शोधावी लागते.

ती नवी खूण १९९८ साली सापडली. स्टॅनफर्डचेच दोन विद्यार्थी, लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन, यांनी पेजरँक ही रीत मांडली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात गूगल ही कंपनी स्थापन केली. त्यांची कल्पना विद्वानांच्या जगातून आली होती. युजीन गारफील्ड यांनी साठच्या दशकात शास्त्रीय निबंधांची एक सूची काढली होती. कोणत्या निबंधाचा आधार पुढे किती जणांनी घेतला हे तिच्यावरून कळे. पेज आणि ब्रिन यांनी तोच न्याय संकेतस्थळांना लावला. एका पानावरून दुसऱ्या पानाकडे नेणारा जो दुवा असतो, ती एक शिफारस मानावी. परंतु सर्व शिफारसी सारख्या नव्हेत. गावातील जाणत्या वैद्याने एका औषधाचे नाव सांगितले तर त्याला वजन येते; तोच वैद्य भेटेल त्याला पन्नास औषधांची नावे सांगत सुटला तर प्रत्येक नावाचे वजन घटते. ह्या रीतीत पानाचे वजन त्याने दिलेल्या दुव्यांत सारखे वाटले जाते, आणि ज्याला वजनदार पानांकडून वाटा मिळतो ते पान स्वतः वजनदार होते. हा हिशोब सर्व पानांवर पुन्हा पुन्हा फिरवीत गेले की आकडे स्थिर होतात.

ह्या रीतीचे यश मोठे होते, यात शंका नाही. शब्दांच्या पेरणीला कंटाळलेल्या जगाला तिच्यामुळे उपयोगाची यादी मिळाली. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९९८ च्या आपल्या निबंधातच पेज आणि ब्रिन यांनी इशारा दिला होता की, जे शोधयंत्र जाहिरातींच्या पैशावर चालते ते जाहिरातदारांकडे झुकेल आणि वाचकांच्या गरजेपासून दूर जाईल. पुढे त्यांचेच शोधयंत्र जाहिरातींच्या पैशावर चालले.

दुवा ही खूण झाली आणि लवकरच दुव्यांचा बाजार भरला. दुवे विकत मिळू लागले. एकमेकांची शिफारस करण्यासाठीच शेकडो संकेतस्थळे उभी राहिली. अमेरिकेत सर्च किंग नावाची एक कंपनी अशा वजनदार पानांवरच्या जागांची दलाली करी. २००२ साली गूगलने तिचे वजन घटविले तेव्हा तिने न्यायालयात धाव घेतली. २००३ साली ओक्लाहोमा येथील न्यायालयाने तिचा दावा फेटाळला. गूगलने लावलेला क्रम हे गूगलचे मत आहे आणि मत बाळगण्याचे स्वातंत्र्य घटनेने दिले आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. दलालाचा दावा फेटाळला गेला याचे कोणाला दुःख होण्याचे कारण नाही. परंतु निर्णयाचा अर्थ दूरवर पोचणारा होता. ज्याच्या मतावर हजारोंचा धंदा अवलंबून आहे त्याचे मत खासगी मानावे की सार्वजनिक, हा प्रश्न त्या दिवसापासून उभा आहे.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पहिला मोठा धक्का बसला. नाताळची खरेदी तोंडावर आली असताना गूगलने क्रमाचा नियम बदलला. ह्या बदलाला लोकांनी फ्लॉरिडा असे नाव ठेवले. शब्दपेरणी करणारे तर खाली गेलेच. पण ज्यांनी काही गैर केले नव्हते असे लहान दुकानदारही वर्षाच्या सर्वांत मोठ्या हंगामात एकाएकी दिसेनासे झाले. आपल्याकडे दिवाळीच्या आठ दिवस आधी बाजारातली ओळच कोणी रातोरात हलवावी, तसा हा प्रकार होता.

पुढचे दोन बदल अधिक नावाजले. त्या काळी गूगलमध्ये क्रमवारीच्या कामाचे प्रमुख अमित सिंघल होते. झाशीला जन्मलेले, रुरकीला शिकलेले आणि सॉल्टन यांच्या विद्यापीठात डॉक्टरेट मिळविलेले. २०११ च्या फेब्रुवारीत पांडा नावाचा बदल झाला. हे नाव त्या प्राण्यावरून पडलेले नाही. नवनीत पांडा ह्या अभियंत्यावरून पडले. पोकळ मजकुराचे ढीग रचणाऱ्या संकेतस्थळांना खाली ओढणे हा त्याचा हेतू होता. अमेरिकेतील ११.८ टक्के शोधांवर त्याचा परिणाम जाणवेल, असे कंपनीनेच सांगितले. त्यानंतर २०१२ च्या एप्रिलात पेंग्विन आला. त्याचा रोख विकतच्या दुव्यांवर होता, आणि इंग्रजीतील सुमारे ३.१ टक्के शोध त्याच्या कक्षेत आले.

पेंग्विनच्या इतिहासात एक तपशील असा आहे की, त्यावरून आमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. एखाद्या संकेतस्थळाला ह्या नियमाखाली शिक्षा झाली, आणि त्याच्या मालकाने खोटे दुवे काढून टाकून घर स्वच्छ केले, तरी त्याची सुटका लगेच होत नसे. गूगल तो हिशोब पुन्हा फिरवील तेव्हाच त्याचा निकाल बदलावयाचा. ऑक्टोबर २०१४ मध्ये एकदा तो फिरला आणि त्यानंतर सप्टेंबर २०१६ उजाडावा लागला. म्हणजे जवळजवळ दोन वर्षे, सुधारलेला माणूसही न सुधारलेल्याच्याच रांगेत उभा होता. कित्येकांना तर ते दुवे आपण स्वतः लावले नसून पूर्वी कामावर ठेवलेल्या एखाद्या सल्लागाराने लावले हेही शिक्षेनंतर कळले. २०१६ पासून हा हिशोब नित्य होऊ लागला, ही सुधारणा मान्य केली पाहिजे.

ह्यानंतर बदल इतके झाले की त्यांची मोजदाद कठीण. २०१५ च्या एप्रिलात मोबाईलवर नीट वाचता येणाऱ्या पानांना मोबाईलवरील शोधात वरचे स्थान मिळू लागले. २०१८ ह्या एकाच वर्षात गूगलने आपल्या शोधयंत्रात तीन हजारांहून अधिक बदल केल्याचे सांगितले. बहुतेक बदल बारीक असतात. परंतु वर्षातून काही वेळा मोठा बदल होतो, आणि त्या वेळी आज बदल झाला एवढे सांगितले जाते, नेमके काय बदलले ते नाही.

आता ह्या कथेत आपली मराठी कोठे होती ते पाहू. १९९६ साली मायबोली हे संकेतस्थळ सुरू झाले, म्हणजे गूगलच्या जन्माआधी मराठी माणूस इंटरनेटवर पोचला होता. परंतु त्या काळचा पुष्कळसा मराठी मजकूर शोधयंत्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हता. कारण अक्षरांचे होते. जो तो आपापला टंक वापरी. पडद्यावर ‘कमळ’ दिसे, पण यंत्राच्या पोटात रोमन अक्षरांची एक अर्थहीन रांग साठविलेली असे. शोधणाऱ्याने ‘कमळ’ लिहिले तर ते सापडावे कसे? मोठमोठ्या मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवरील वर्षानुवर्षांचा मजकूर असा मुका राहिला. युनिकोड ह्या जागतिक लिपिसंकेतात देवनागरीला १९९१ सालीच स्थान मिळाले होते; ते आपल्या घरोघरच्या संगणकांवर उतरण्यास दहा-पंधरा वर्षे लागली. २००३ च्या मे महिन्यात मराठी विकिपीडिया सुरू झाला, २००४ साली मनोगत आले, आणि मग मराठी शब्द मराठी म्हणून सापडू लागला. म्हणजे पहिली काही वर्षे क्रमाच्या नियमांची झळ मराठीला फारशी लागली नाही. कारण ज्या यादीत वरखाली व्हावयाचे त्या यादीतच ती पुरती आली नव्हती.

नावांची अडचण याहून वेगळी. ‘पोंभुर्णा’ कोणी अनुस्वाराने लिहितो, कोणी ‘पोम्भुर्णा’ असे जोडाक्षर करतो. रोमन लिपीत तर त्याची तीन-चार रूपे होतात. चांदा जिल्ह्याचे नाव १९६४ च्या सुमारास चंद्रपूर झाले, पण जुने अहवाल, नकाशे आणि गॅझेटियर ‘चांदा’ ह्याच नावाने आहेत, आणि रेल्वेचे एक स्थानक अद्याप चांदा फोर्टच म्हणविते. १९८२ च्या २६ ऑगस्टला गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, तेव्हापासून त्या भागाच्या जुन्या नोंदी एका नावाखाली आणि नव्या दुसऱ्या नावाखाली गेल्या. माणसाला हे सारे एकच आहे हे ठाऊक असते. यंत्राला ते कोणीतरी शिकवावे लागते.

शिकविण्याचा एक मोठा प्रयत्न २०१९ साली झाला. वाक्यातील शब्दांचा एकमेकांशी असलेला संबंध ओळखणारी बर्ट ही रीत गूगलने ऑक्टोबरात इंग्रजीला लावली, आणि डिसेंबरात सत्तराहून अधिक भाषांना. त्यांत मराठी होती. ‘चंद्रपूरहून नागपूर’ आणि ‘नागपूरहून चंद्रपूर’ यांतला फरक विभक्तिप्रत्ययात आहे. तो प्रत्यय ओळखणे ही आपल्या भाषेच्या दृष्टीने थोडी गोष्ट नव्हे. परंतु त्या यादीत गोंडी नव्हती. २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख लोकांनी आपली मातृभाषा म्हणून नोंदविलेली, ह्याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत बोलली जाणारी ही भाषा. मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली तिच्यासाठी लिपी घडविली. त्या लिपीला युनिकोडात स्थान मिळण्यास २०१७ साल उजाडले. शेजारच्या आदिलाबादकडील गुंजाळा गोंडी लिपीला ते २०१८ साली मिळाले. मराठीने जी वाट चालून संपविली त्या वाटेच्या आरंभी गोंडी आज उभी आहे, आणि हे सांगण्यास पोंभुर्ण्याहून योग्य जागा कोणती?

दाद मागण्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. ब्रिटनमधील फाउंडेम ह्या लहानशा संकेतस्थळावर वस्तूंच्या किमतींची तुलना करता येई. २००६ साली ते गूगलच्या यादीत एकाएकी तळाला गेले. त्याच्या चालकांनी युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने २७ जून २०१७ रोजी गूगलला २४२ कोटी युरोंचा दंड केला. कारण असे की, गूगलने खरेदीच्या तुलनेची स्वतःची सेवा वर मांडली आणि प्रतिस्पर्ध्यांना क्रमाच्या नियमाने खाली ढकलले. युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय १० सप्टेंबर २०२४ रोजी कायम केला. २००६ ते २०२४, म्हणजे अठरा वर्षे. न्याय मिळाला, परंतु अठरा वर्षे दुकान कोण उघडे ठेवू शकतो?

आपल्या देशातही हा प्रश्न विचारला गेला. विवाह जुळविणाऱ्या एका संकेतस्थळाची कंपनी आणि एक ग्राहक संस्था यांच्या २०१२ च्या तक्रारींवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ८ फेब्रुवारी २०१८ रोजी गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड केला. आयोगाला असे आढळले की, २०१० पूर्वी काही प्रकारचे निकाल पहिल्या, चौथ्या किंवा दहाव्या जागी आधीच ठरवून बसविलेले असत. ते तेथे गुणाने आले आहेत अशी वाचकाची समजूत होई. गूगलने ह्या आदेशाविरुद्ध अपील केले. आणि ५ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहता यांनी निर्णय दिला की, शोधाच्या क्षेत्रात गूगलची मक्तेदारी आहे आणि ती बेकायदा मार्गांनी टिकविली आहे. मक्तेदाराच्या मताला केवळ खासगी मत मानता येत नाही, ह्या विचाराकडे जग सावकाश येत आहे.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. नियम उघड केला तर लबाड लोक त्याच दिवशी त्याच्या पळवाटा शोधतील, म्हणून तो गुप्तच ठेवावा लागतो, असे शोधयंत्रवाले म्हणतात. हे म्हणणे खोटे नाही. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांपासून आजवरचा सारा इतिहास त्याची साक्ष देतो. परंतु आपल्या शाळांत काय चालते ते पाहा. प्रश्नपत्रिका परीक्षेपूर्वी गुप्त असते आणि ती तशीच असावी. तरीही परीक्षा केव्हा, विषय कोणता, हे आधी जाहीर होते. आणि निकालानंतर विद्यार्थ्याला गुणपडताळणीचा अर्ज करता येतो. गुप्तता आणि न्याय ही दोन्ही एका व्यवस्थेत नांदू शकतात. आम्ही नियमाचे सूत्र मागत नाही. मोठ्या बदलाची आगाऊ सूचना, खाली गेलेल्याला समजेल असे कारण, आणि माणसाने ऐकावयाची एक तक्रार, एवढे मागतो. ज्याने चूक सुधारली त्याचा फेरविचार किती दिवसांत व्हावा याची मुदत असावी. बाजार समितीतल्या काट्यालाही सरकारी शिक्का लागतो. जगाच्या बाजाराचा काटा बिनशिक्क्याचा राहू नये.

अलीकडे ह्या प्रश्नाला नवे वळण लागले आहे. माणसाच्या उपयोगासाठी लिहिलेल्या मजकुराला मान द्यावा म्हणून गूगलने ऑगस्ट २०२२ मध्ये एक बदल आणला, आणि मार्च २०२४ च्या बदलात तो मुख्य नियमातच मिसळला. यंत्राकडून घाऊक लिहवून घेतलेल्या पानांना आळा घालणे हा ह्या वेळचा हेतू होता. पण त्याच वर्षी यादीच्या वर यंत्राने स्वतः रचलेले उत्तर येऊ लागले. भारतात ते ऑगस्ट २०२४ मध्ये इंग्रजी व हिंदीत आले. वाचकाला उत्तर तेथेच मिळाले तर तो खालच्या कोणत्याच पानावर जात नाही. आता क्रम लावणारा स्वतःच यादीत पहिला बसू लागला आहे.

अशा काळात पोंभुर्ण्यासारख्या गावाचे काय, ह्या प्रश्नाने आम्ही समारोप करतो. इंटरनेटवर अशी पुष्कळ संकेतस्थळे आहेत की जी २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांवरून गावागणिक एक पान यंत्राने तयार करून ठेवतात. लोकसंख्या इतकी, जवळचे स्थानक अमुक. पानागणिक नाव बदलते, मजकूर तोच. गावाबद्दल दुसरे काही लिहिलेले नसेल तर गावाचे नाव शोधणाऱ्याला हेच पान मिळते. यंत्राने रचलेले उत्तरही अशाच पानांतून गोळा होण्याचा धोका आहे. तलाव कोणी बांधला, त्याची पाळ कोणी राखली, कोणत्या झाडाला गोंडीत काय म्हणतात, बुरूड कोणत्या बांबूची कोणती वस्तू विणतो, यांतले काहीही त्या पानावर नाही. कारण ते लिहिणाऱ्याला हे ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनी ते लिहिलेले नाही.

यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही. गावच्या शाळेने, वाचनालयाने, ग्रामसभेने आपल्या तलावांची, झाडांची, कारागिरांची आणि जुन्या कागदांची नोंद युनिकोडातल्या मराठीत करावी, आणि जेथे जमेल तेथे गोंडीतही. गावांची जुनी-नवी, सर्व रूपांतील नावे त्या नोंदीत द्यावी. ती नोंद एका कंपनीच्या पडद्यावर विसंबून न ठेवता छापूनही ठेवावी. ज्याला आपला माल विकावयाचा आहे त्याने गिऱ्हाइकाचा पत्ता आपल्या वहीत ठेवावा. यादीतून आलेले गिऱ्हाईक उद्या यादी बदलताच जाते, वहीतले राहते.

आणि हे सारे क्रम मिळावा म्हणून करावयाचे नाही. खुणेच्या मागे धावणाऱ्यांचे काय होते ते गेल्या तीस वर्षांच्या इतिहासाने दाखविले आहे. खूण बदलते आणि धावणारा रिकाम्या हाताने मागे राहतो. तुकुमाचा नियम जाऊन दीड शतकाहून अधिक काळ लोटला, राजे गेले, मालगुजार गेले, तरी ज्या तलावांचा गाळ लोकांनी काढला त्यांच्या पाण्यावर आजही धान पिकते. यादीचा नियम उद्या पुन्हा बदलेल. त्या दिवशी पोंभुर्ण्याविषयी शोधणाऱ्याला काही खरे सापडावे, असे वाटत असेल तर ते खरे आजच लिहून ठेविले पाहिजे, आणि ते लिहिण्यास आपल्याइतके जवळचे दुसरे कोणी नाही.